डिझेलमध्ये घरगुती मिश्रण घालून ट्रकचे ॲव्हरेज खरोखर वाढते का? (इंदूर ते न्हावा शेवा फेऱ्यांचा अनुभव)

देवासनाका:

नमस्कार. इंदूरला देवास नाक्याजवळ आमचे मालवाहतुकीचे लहानसे कार्यालय असून चार ट्रक आहेत. त्यांपैकी तीन जुने, यांत्रिक पंपाचे (इंजिनात डिझेल सोडणारा पंप) आहेत आणि एक २०२१ साली घेतलेला बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण मानकाचा आहे. जाताना पीथमपूरचा माल किंवा सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) भरून न्हावा शेवा बंदर, येताना मिळेल ते भाडे, असा आमचा नेहमीचा क्रम. भाड्यातला सर्वांत मोठा वाटा डिझेलच खाते, हे या धंद्यातल्या कोणाला वेगळे सांगायला नको. लिटरमागे शंभर-दोनशे मीटर जास्त मिळाले, तरी महिनाअखेर ते पैसे हातात दिसतात.

गेल्या वर्षभरात आमच्या भागातल्या ढाब्यांवर एका मिश्रणाची फार चर्चा आहे. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे दोन मिलिलिटर एसीटोन, त्यात विरघळवलेल्या कापराच्या वड्या आणि वरून थोडे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल), असे ते मिश्रण असते. कोणी कापराऐवजी डांबरगोळ्या घालतात, कोणी त्यात घासलेट मिसळतात. अठरा वर्षे आमच्याकडे असलेल्या आणि ज्यांच्या शब्दावर मी आजवर कधी शंका घेतली नाही, अशा आमच्या चालककाकांनी स्वतःहून हे करून पाहण्याची इच्छा दाखवली, म्हणून मी एका जुन्या गाडीत सुरुवात केली. पहिल्याच फेरीत ॲव्हरेज ४.२ वरून ४.७ वर गेले. दुसऱ्या फेरीत ४.६ आले. मला मनापासून आनंद झाला आणि मी उरलेल्या दोन्ही जुन्या गाड्यांतही हे मिश्रण सुरू केले.

त्यानंतर तिसऱ्या महिन्यात पहिल्या गाडीच्या डिझेल रिटर्नचा, म्हणजे उरलेले डिझेल टाकीत परत नेणारा, रबरी पाइप हाताला मऊ, जवळजवळ चिकट लागू लागला आणि जोडापाशी गळती दिसली. त्याच सुमारास ॲव्हरेज पुन्हा ४.३ वर आले. आता मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, सुरुवातीची वाढ खरी होती का. दुसरी, पाइप खराब होण्याचा या मिश्रणाशी संबंध आहे का. आणि तिसरी, बीएस-६ गाडीत हे घालावे का, कारण चालक मंडळींचा तसा आग्रह आहे. ज्यांनी स्वतः मोजून पाहिले आहे किंवा ज्यांचा पंपाच्या कामाशी संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पंप_कॅलिब्रेशन:

देवासनाका साहेब, मी तीस वर्षे डिझेल पंप आणि नोजल (इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारा भाग) यांचेच काम करीत आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पाइप मऊ होण्याचे कारण एसीटोनच असण्याची शक्यता फार मोठी आहे. डिझेलच्या वाटेवर जे रबर वापरले जाते ते डिझेलचे तेल सोसण्यासाठी बनवलेले असते, एसीटोनसाठी नव्हे. एसीटोन हे रंग आणि डिंक विरघळवणारे द्रावक आहे. त्याच्या सहवासात नायट्राइल रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे त्याला भेगा जातात. तुम्हाला बाहेरचा पाइप दिसला, परंतु फीड पंपाचा डायफ्रॅम आणि पंपाच्या आतल्या ओ-रिंगा दिसत नाहीत. त्या गाडीच्या इंजिन ऑइलची पातळी अवश्य तपासा. पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर कुठले तरी सील सुटून डिझेल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत आहे असे समजावे, आणि तशा स्थितीत गाडी घाटावर पाठवू नये.

आता पंपाविषयी. डिझेल पंपात प्लंजर आणि बॅरल अशी जोडी असते आणि त्या दोहोंमधली फट अवघी काही मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश, इतकीच असते. या फटीत दुसरे कुठलेही वंगण जात नाही. जे डिझेल पुढे नोजलमधून उडणार आहे, तेच जाताजाता या जोडीला वंगण देते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक बरेच होते, बीएस-३ मध्ये ३५० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत ३५०), बीएस-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये १० पीपीएमपर्यंत. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात, म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यात वंगणासाठी वेगळे द्रव्य मोजून घालतात आणि त्याची परीक्षा होऊनच माल बाहेर पडतो. आपण वरून एसीटोन किंवा घासलेट ओतले की ते मोजमाप बिघडते. टू-टी ऑइल घालणाऱ्यांचा हेतू वंगणाचा असतो, त्यात काही अंशी तथ्यही आहे. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत त्याने मोठे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही, मात्र त्याने ॲव्हरेज वाढलेलेही पाहिलेले नाही.

मालवा_मोटार:

मी नम्रपणे वेगळे मत मांडू इच्छितो. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून गाड्या आहेत. त्या काळी थंडीच्या दिवसांत डिझेलमध्ये थोडे घासलेट घालण्याची पद्धत सर्रास होती. मी स्वतः पाहिले आहे की घासलेट घातल्यावर गाडीचा काळा धूर स्पष्टपणे कमी होत असे. धूर म्हणजे न जळालेले डिझेलच असेल, तर धूर कमी होणे याचा अर्थ डिझेल अधिक चांगले जळले आणि ॲव्हरेज वाढले, असाच होत नाही का? एवढ्या लोकांचा, एवढ्या वर्षांचा अनुभव सरसकट खोटा ठरवणे मला योग्य वाटत नाही. पंपवाल्या काकांनी धुराचे कारण समजावून सांगितले तर बरे होईल.

पंप_कॅलिब्रेशन:

दादा, तुम्ही पाहिले ते अगदी खरे आहे, त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. घासलेट डिझेलपेक्षा पातळ असते. पातळ द्रव प्लंजरच्या फटीतून मागे अधिक झिरपतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला नोजलपर्यंत पोहोचणारे इंधन थोडे कमी होते. इंधन कमी आणि हवा तेवढीच, म्हणून धूर घटतो. परंतु त्याचबरोबर गाडीची ओढही घटते. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही, चढावर मात्र चालकाला एक गिअर खाली यावे लागते आणि ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागतो. शिवाय घासलेट हलके असल्यामुळे त्याच्या एका लिटरमधली उष्णताही डिझेलपेक्षा थोडी कमी असते.

काळा धूर फार दिसतो म्हणून त्यात फार डिझेल वाया जात असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. काजळी डोळ्यांना फार दिसते, वजनाने मात्र ती थोडी असते. माझ्याकडे धुराची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला असतो, नोजलचे प्रेशर उतरलेले असते किंवा कोणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून ताकद वाढवून दिलेली असते. टर्बो गाडीत इंटरकूलरचा होस फाटलेलाही आढळतो. या चारही गोष्टी पाना हातात घेऊन दुरुस्त होतात. टाकीत काही ओतून त्या दुरुस्त झालेल्या मी पाहिल्या नाहीत.

रसायन_ताई:

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते आणि आमचे धाकटे दीर याच व्यवसायात आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातही अनेकदा निघालेला आहे. मला येथे केवळ आकड्यांनी बोलायचे आहे.

एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता असते. एसीटोनच्या एका लिटरमध्ये ती २२ ते २३ मेगाज्यूलच भरते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच बसलेला आहे, म्हणजे एका अर्थाने ते थोडे अगोदरच जळालेले आहे. आपल्या ३०० लिटरच्या टाकीत ६०० मिलिलिटर एसीटोन जाते. त्याची उष्णता जेमतेम पावणेचारशे मिलिलिटर डिझेलइतकी. म्हणजे इंधन म्हणून त्याने दीड-दोन किलोमीटरच पदरात पडतील. त्यामुळे मिश्रणाचे समर्थक नेहमी दुसरा दावा करतात, की एसीटोन स्वतः ताकद देत नसले तरी ते डिझेलला पूर्ण जाळते.

नेमक्या याच दाव्यापाशी थांबून विचार करायला हवा. बऱ्या स्थितीतल्या डिझेल इंजिनात आत गेलेल्या इंधनापैकी ९८ ते ९९ टक्के इंधन तसेही जळतेच. न जळता बाहेर जाणारा भाग एक-दोन टक्क्यांहून अधिक नसतो. मग चांगल्या इंजिनातही चाकांपर्यंतच्या कामाला जेमतेम ४० टक्के उष्णता का लागते? बाकीची उष्णता सायलेन्सरच्या धुरातून आणि रेडिएटरच्या पाण्यातून निघून जाते म्हणून. ती न जळल्यामुळे गेलेली नसते, पूर्ण जळल्यानंतर गेलेली असते. म्हणून जगातले कुठलेही द्रव्य डिझेलचा शेवटचा थेंब जाळू शकले, तरी त्यातून मिळणारी वाढ फार तर एक-दोन टक्क्यांचीच राहील. ४.२ चे ४.७ म्हणजे जवळजवळ १२ टक्के. त्या वाढीसाठी लागणारे न जळालेले इंधन इंजिनात शिल्लकच नाही, मग ती वाढ कुठून आली याचा शोध दुसरीकडे घ्यावा लागेल.

डांबरगोळ्यांविषयी तर मला कळकळीने सांगावेसे वाटते. डिझेल किती लवकर पेट घेते हे सीटेन अंकावरून ठरते आणि आपल्याकडच्या डिझेलला तो किमान ५१ असावा लागतो. ही मोजपट्टी ठरवताना लवकर पेटणाऱ्या सीटेनला १०० अंक दिले गेले आणि पेट घ्यायला अत्यंत नाखूश असलेल्या ज्या पदार्थाला शून्य अंक दिला गेला, तो मिथिल नॅप्थलीन होता. डांबरगोळी ज्या नॅप्थलीनची असते, त्याचा हा सख्खा भाऊ. पेट्रोलमध्ये नॅप्थलीनने ठोका कमी होतो, म्हणून जुन्या मोटारवाल्यांनी ती युक्ती शोधली असावी आणि तीच पुढे डिझेलमध्ये आली. पेट्रोलचे आणि डिझेलचे गणित मात्र एकमेकांच्या उलट आहे. पेट्रोलने आपणहून पेटू नये अशी अपेक्षा असते, तर डिझेलने दाब पडताच पेटावे अशी असते. कापराचीही ज्योत आरतीच्या ताम्हनात आपण रोज पाहतो. ती किती काजळी सोडते हे घरातल्या कोणालाही विचारावे.

यापेक्षा मोठी काळजी सुरक्षिततेची आहे. डिझेलची वाफ ३५ अंश सेल्सियसच्या खाली पेट घेऊ नये, असे आपल्या मानकाचे बंधन आहे. एसीटोनची वाफ शून्याखाली जवळजवळ २० अंशांवरसुद्धा पेटते. अशा द्रावकाचा अगदी अल्प अंश मिसळला तरी टाकीतल्या मोकळ्या जागेत पेटू शकणारी वाफ साठू लागते. मे महिन्याच्या उन्हात तापलेली टाकी, शेजारी बिडी ओढणारा क्लीनर आणि प्लास्टिकच्या बाटलीतून ओतले जाणारे एसीटोन, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. सीटेन खरोखर वाढवणारे एक रसायन तेल कंपन्या अल्प प्रमाणात वापरतात, परंतु ते नायट्रेट वर्गातले असून तापल्यावर स्फोटकपणे विघटित होऊ शकते. ते घरी आणून मिसळण्याचा विचारही कोणी करू नये.

मालवा_मोटार:

ताई, तुमचे गणित पटले. परंतु देवासनाका साहेबांनी ४.७ प्रत्यक्ष मोजले आहे. मोजलेली गोष्ट गणिताने पुसता येत नाही. तिचे उत्तर मिळाले पाहिजे.

देवासनाका:

दादांचे म्हणणे मला योग्य वाटले, म्हणून गेले साडेतीन महिने मी याच प्रश्नामागे लागलो होतो. उशिरा लिहीत आहे त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम मी माझी मोजण्याची पद्धत तपासली आणि ती किती कच्ची होती हे लक्षात आले. आम्ही टाकी फुल करून निघायचो, परत आल्यावर पुन्हा फुल करायचो आणि किलोमीटरला लिटरने भागायचो. हे वरवर अचूक वाटते. परंतु ज्या दिवशी ४.७ आले, त्या दिवशी टाकी दुसऱ्याच पंपावर फुल केली होती आणि त्या पंपाचा उतार असा आहे की आमच्या टाकीचे तोंड खालच्या बाजूला येते. तोंडापर्यंत डिझेल आले की फुल समजायचे, पण मागच्या बाजूला मात्र मोकळी जागा राहते. हे मी नंतर रिकाम्या वेळी दोन्ही पंपांवर गाडी उभी करून तपासले. फरक नऊ लिटरचा निघाला. न्हावा शेवा जाऊन येणे १२०० किलोमीटरच्या आसपास पडते आणि ४.२ ने त्याला २८५ लिटर लागतात. त्यातले नऊ लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक फरक केवळ उताराचा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. डिझेल एका अंशाला हजारी ०.८ च्या आसपास फुगते. लांब फेरीहून आलेल्या गाडीच्या टाकीत उरलेले डिझेल, इंजिनाकडून रिटर्नने परतत राहिल्यामुळे चांगलेच तापलेले असते. ते फुगलेले असताना टाकी फुल केली की कमी लिटर बसतात आणि कागदावर ॲव्हरेज वाढलेले दिसते. ३०० लिटर डिझेलमध्ये बारा अंशांचा फरक पडला तर तीन लिटर इकडचे तिकडे होतात. हे मी ताईंना विचारून पक्के केले.

तिसरी गोष्ट आपल्या रस्त्याची. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मानपूरनंतर गणपती घाट उतरून आपण खलघाटला नर्मदेवर येतो, पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट, नाशिकनंतर कसारा. जाताना भरलेली गाडी हे घाट उतरते आणि येताना तीच गाडी चढते. येताना गाडी रिकामी आली की भरलेली आली, यावर सगळा हिशेब फिरतो. माझी वही उघडून पाहिली तेव्हा ४.७ आणि ४.६ या दोन्ही फेऱ्यांत परतीचा माल हलका होता, अशी नोंद माझ्याच अक्षरात सापडली. ती मी तेव्हा पाहिलीच नव्हती.

चौथी गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, परंतु ती सर्वांत महत्त्वाची आहे. आमच्या चालककाकांनी स्वतः सांगितले की, मिश्रण घातलेले असताना ते ॲव्हरेजचा विचार करीत गाडी चालवत होते. वेग पन्नास-पंचावन्नच्या वर नेत नव्हते आणि ढाब्यावर इंजिन बंद करीत होते. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, उलट प्रयोग यशस्वी व्हावा अशी तळमळ होती.

म्हणून मी पुढचा प्रयोग वेगळा केला. एकच गाडी, एकच चालक, एकच पंप आणि त्याच पंपावरची एकच जागा, पहाटे इंजिन थंड असताना टाकी फुल करणे, दोन्ही बाजूंना वजनकाट्याची पावती. हा प्रयोग रबर बदलून घेतलेल्या गाडीवर आणि पंपवाल्या काकांच्या देखरेखीखाली केला, एसीटोन पूर्णपणे वगळून केवळ कापूर आणि टू-टी ऑइल यांच्या मिश्रणावर. मी दहा सारखे डबे भरले. पाचांत मिश्रण होते आणि पाचांत त्याच रंगाचे साधे डिझेल. कोणत्या फेरीला कोणता डबा ओतला जाईल हे माझ्या मुलीने चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि वहीत लिहून वही कपाटात ठेवली. चालककाकांना आणि मलाही ते ठाऊक नव्हते. दहा फेऱ्यांनंतर वही उघडली. मिश्रणाच्या फेऱ्यांची सरासरी ४.३१ आणि साध्या डिझेलची ४.३३ आली. दोन्ही गटांत सर्वांत कमी फेरी ४.१ ची आणि सर्वांत जास्त ४.५ ची होती. ज्या फेरीला चालककाका खात्रीने म्हणाले होते की आज गाडी हलकी पळाली, ती साध्या डिझेलची निघाली.

दादा, आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे. ४.७ मी मोजले होते हे खरे, परंतु मी डिझेल मोजत नव्हतो, उतार, ऊन, माल आणि चालकाचा पाय हे सगळे एकत्र मोजत होतो.

मालवा_मोटार:

साहेब, एवढी मेहनत कोणी घेत नाही. मी माझे म्हणणे मागे घेतो. चिठ्ठ्या टाकण्याची कल्पना मी आमच्या दोन गाड्यांवर घासलेटाऐवजी टायरच्या हवेसाठी वापरून पाहणार आहे.

शेव_कढई:

आमचा शेव आणि नमकीनचा कारखाना आहे आणि माल पोहोचवण्यासाठी दोन लहान डिझेल गाड्या आहेत. कढईतून उतरवलेले तेल आमच्याकडे रोज शिल्लक राहते. त्यापासून घरीच बायोडिझेल बनवून गाडीत घालण्याविषयी एका परिचितांनी सुचवले आहे. ते या मिश्रणांपेक्षा बरे आहे का? १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, असेही त्यांनी सांगितले.

रसायन_ताई:

पॅरिसची हकिकत खरी आहे. परंतु ते इंजिन संथ, मोठ्या छिद्राचे आणि जाड तेल सोसणारे होते. सोयाबीन तेल ४० अंशांवर डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असते. ते तसेच आजच्या नोजलमधून सोडले तर त्याचा फवारा बारीक होत नाही, नोजलच्या टोकावर कोळसा जमतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटून बसतात. म्हणून गाळलेले कढईतले तेल सरळ टाकीत ओतणे कटाक्षाने टाळावे.

बायोडिझेल ही निराळी वस्तू आहे. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून तापवले की तेलाचा रेणू फुटून मिथिल एस्टर वर येते आणि ग्लिसरीन तळाशी बसते. शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल लागते. हे पुस्तकात सोपे दिसते. कढईत पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात मात्र मुक्त आम्ल आणि पाणी दोन्ही असतात, त्यामुळे कॉस्टिकचा बराच भाग साबण बनवण्यात खर्च होतो आणि सगळी भट्टी फेसाळते. नीट धुतले आणि वाळवले नाही तर उरलेले मिथेनॉल, साबण आणि पाणी पंपात जाते. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही आणि जेथे कढया पेटलेल्या आहेत अशा कारखान्याच्या आवारात ते साठवणे म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळणे होय. एवढे करून ॲव्हरेज वाढत नाही, थोडे घटतेच, कारण बायोडिझेलमध्ये किलोमागे ३७-३८ मेगाज्यूल उष्णता असते आणि डिझेलमध्ये ४२-४३. त्याचा खरा गुण वंगणाचा आहे. एक-दोन टक्के बायोडिझेलसुद्धा डिझेलचे वंगण सुधारते, आणि आपल्या मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत ते मिसळण्याची मुभा तेल कंपन्यांना आहे.

आपल्यासाठी मार्ग सरळ आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांवर (तेल पुन्हापुन्हा तापल्याने वाढणाऱ्या) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि असे तेल गोळा करून बायोडिझेल कारखान्यांकडे देण्याची व्यवस्था उभी केली आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाकडेच द्यायचे असते. तेल विकून मिळालेल्या पैशांतून आपण पंपावरचे डिझेल घ्यावे.

पंप_कॅलिब्रेशन:

देवासनाका साहेबांचा तिसरा प्रश्न राहून गेला आहे. बीएस-६ गाडीत यातले काहीही घालू नये, हे मी अगदी ठामपणे सांगतो. या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच नळी) १६०० बार आणि त्याहून अधिक दाब असतो. यांत्रिक पंप चुकीचे डिझेल काही महिने सहन करतो, हा पंप काही दिवसांत उत्तर देतो. झीज झाली की धातूचा बारीक चुरा रेलमधून सगळ्या इंजेक्टरांत पसरतो, आणि मग एक भाग बदलून भागत नाही.

त्यापुढे धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर आहे. काजळी त्यात अडकते आणि गाडी ती अधूनमधून तापवून जाळून टाकते. परंतु इंजिन ऑइलमधल्या जस्ताची आणि कॅल्शियमची राख जळत नाही, ती कायमची तिथेच बसते. काही जण जळके ऑइल गाळून डिझेलमध्ये घालतात, त्यांच्यासाठी हे विशेष लिहीत आहे. एका गाडीचा डीपीएफ अशाच प्रकाराने चोंदलेला माझ्याकडे आला होता आणि मालकाला त्याचा भुर्दंड अनेक महिन्यांच्या डिझेल बचतीहून कितीतरी मोठा पडला. असे मिश्रण आढळले की वॉरंटीचा दावाही टिकत नाही. धूर शुद्ध करण्यासाठी असलेल्या युरियाच्या टाकीत घरी शेतीचा युरिया कालवून घालणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. त्या द्रावणात युरिया ३२.५ टक्के आणि अत्यंत शुद्ध पाणी असावे लागते.

जुन्या गाडीसाठी माझा आग्रह एवढाच की वॉटर सेपरेटर रोज सकाळी उघडून तळाचे पाणी काढावे. डिझेलमधले पाणी आणि त्यात वाढणारे जंतू यांनी जितके पंप खराब झालेले पाहिले, तितके दुसऱ्या कशाने नाही. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे आणि बायोडिझेल या नावाने विकले जाणारे द्रव तर कधीही घेऊ नये. भेसळ हा गुन्हा आहेच, शिवाय त्या पिंपात नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पंपावर घनता विचारण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने माप तपासून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, तो वापरावा.

देवासनाका:

काकांचे आणि ताईंचे मनःपूर्वक आभार. मिश्रण सर्व गाड्यांतून बंद केले आहे आणि त्याच वहीत आता दुसऱ्या गोष्टींच्या नोंदी सुरू आहेत. काय आढळले ते थोडक्यात कळवतो.

एका जुन्या गाडीचे मागचे डावे चाक फेरीनंतर हाताला बाकीच्यांपेक्षा फार गरम लागत होते. ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. तो सोडवल्यावर त्या गाडीचे ॲव्हरेज ३.९ वरून ४.२ वर आले आणि पुढच्या सात फेऱ्यांत तिथेच टिकले आहे. टायरची हवा आम्ही काठीने ठोकून पाहत होतो, आता गेजने थंड असताना पाहतो, आणि मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरमध्ये नेहमीच कमी हवा निघते, कारण तिथवर हात पोहोचत नाही म्हणून कोणी पाहतच नव्हते. ताडपत्री पुढून सैल राहिली तर ती फुग्यासारखी हवा धरते, म्हणून पुढचा दोर दुहेरी केला आहे. वेगाविषयी ताईंनी समजावले की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० ऐवजी ८० ने गेल्यास तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. चालकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच मान्य केले नाही. बचत झालेल्या डिझेलचा निम्मा पैसा त्यांना द्यायचा असे ठरवल्यावर मात्र सगळ्यांचे वेग आपोआप उतरले. माल उतरवण्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवण्याची सवयही त्यानेच सुटत चालली आहे. उभ्या गाडीचे इंजिन त्याच्या आकारानुसार तासाला एक ते तीन लिटर डिझेल खाते आणि बंदराच्या रांगेत पाच-सहा तास सहज जातात.

आता एक शेवटची अडचण आहे. आमच्या गोदामात अजून दोन कॅन एसीटोन आणि एक कॅन तयार मिश्रण पडून आहे. नालीत ओतणे योग्य नाही हे कळते. त्याचे काय करावे?

रसायन_ताई:

नालीत तर नाहीच, आणि आपल्या घंटागाडीतही नको. त्यात घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, परंतु तो घरातल्या लहान वस्तूंसाठी असतो, असे कॅन त्यात टाकले तर सफाई कामगारांना धोका होईल. न उघडलेले एसीटोन ज्या दुकानातून आणले तेथे परत करावे किंवा रंगकाम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या कारखान्याला द्यावे, त्यांना ते लागतेच. तयार मिश्रण मात्र कोणालाही वापरायला देऊ नये. घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ते भरून ठेवावे, वर मोठ्या अक्षरांत त्यातले घटक लिहावेत, उन्हापासून आणि वायरिंगपासून दूर सावलीत ठेवावे आणि पीथमपूरच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात एवढ्या लहान प्रमाणात ते स्वीकारतील का, याची चौकशी करावी. आपल्या ग्राहकांपैकी एखाद्या कारखान्याचा कचरा तेथे नियमित जात असेल, तर त्यांच्यामार्फत पाठवणे अधिक सोपे पडेल. तोवर गोदामात कोणी बिडी पेटवणार नाही, एवढे मात्र आजच पाहावे.

देवासनाका:

ताई, कॅन आज सायंकाळीच बाहेरच्या शेडखाली हलवले आणि चालककाकांनी स्वतः त्यावर लाल रंगाने लिहिले. उद्या पीथमपूरला माल भरायला गाडी जाणार आहे, तेव्हा तेथील ग्राहकांकडे विचारून येथे कळवतो.